मुकट्यातली वीज

आकृती १. लोणच्याची बरणी. (अ) फडताळ. (आ) फडताळातली रिकामी जागा. (इ) रिकाम्या जागेकडे पाहणाऱ्या माई.

"आठ होत्या," माई म्हणाल्या. "काल ऊन दाखवून ठेवल्या तेव्हा आठ होत्या."

त्यांचा मुलगा चिंतामणी पाटावर बसून जेवत होता. त्याने आमटीचा भुरका मारला आणि आज आमटी छान झालीय असं म्हणाला. लग्नाला सहा वर्षं झाली, पण आमटीबद्दल तो आजवर चांगलं-वाईट काहीच बोलला नव्हता. त्यामुळे वाढणाऱ्या सुमंगलेचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, हात थांबला, आणि माईंनी फडताळाचं दार लावून घेतलं. चोर सापडला होता.

बरण्या मागच्या खोलीत होत्या. ओळीने आठ. प्रत्येकीत मोरचुदाचं निळंशार पाणी, त्या पाण्यात तांब्याचा पत्रा आणि कुंभाराकडचं एकेक कमी भाजलेलं बोळकं, बोळक्यात नवसागराचं पाणी आणि त्यात जस्ताची कांडी. माईंनी एका बरणीत डोकावून पाहिलं. पंधरा वर्षं या बरण्यांत कैरीचं लोणचं मुरलं होतं.

"यात आता लोणचं घालता येईल?"

"घालता येईल," चिंतामणी म्हणाला. "खाता येणार नाही."

देवासला तेव्हा एकाच घराण्याचे दोन राजे होते, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे, गाव एकच. चिंतामणी थोरल्या पातीच्या दफ्तरखान्यात नकला करायचा. हा विजेचा नाद त्याला कुठून लागला, कधी लागला, घराण्यात आधी कोणाला होता का, हे सांगायला घेतलं तर अक्षय्य तृतीया उलटून जाईल, आणि गोष्ट तर अक्षय्य तृतीयेचीच आहे. एवढं पुरे, की महूच्या रद्दीवाल्याकडून त्याने एक इंग्रजी मासिक आणलं होतं. त्यात बॅटरीवर चालणारी विजेची फिरकी घरच्या घरी कशी करावी ते तेरा आकृत्यांसकट दिलं होतं. मासिकाचं शेवटचं पान तेवढं नव्हतं. रद्दीवाल्याने त्यात कोणाला तरी शेव बांधून दिली होती.

"हे सगळं कशासाठी?" माईंनी विचारलं.

इथे चिंतामणीने "असंच" म्हणायला हवं होतं. पण असंच म्हटलं की माणूस रिकामटेकडा ठरतो. समोर सुमंगला उभी होती, तिच्या हातात आमटीचं पातेलं होतं, आणि पलीकडे चैत्रगौर मांडलेली दिसत होती. अंगठ्याएवढी पितळेची अन्नपूर्णा, लाकडी झोपाळ्यात महिनाभरासाठी बसवलेली.

"गौरीचा झोपाळा विजेने हलवणार आहे," तो म्हणाला.

हे आपल्याला आधी ठाऊक नव्हतं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण माईंनी चेहऱ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी त्याला हात धुवायला लावले आणि गौरीपुढे नेऊन उभं केलं.

"ठेव हात. अक्षय्य तृतीयेला हळदीकुंकू आहे. धारहून वन्सं येणार आहेत. त्या दिवशी झोपाळा विजेने हलला, तर बरण्या तुझ्या, मागची खोली तुझी, मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नाही हलला, तर तार, जस्त, बाटल्या, ते इंग्रजी बाड, सगळं कासाराच्या भट्टीत. आणि जन्मात पुन्हा या गोष्टीला हात लावायचा नाही."

"आणि हलला की नाही हे ठरवणार कोण?"

"वन्सं."

वन्सं म्हणजे माईंची नणंद, चिंतामणीची आत्या, सावित्रीबाई. चिंतामणीने हात ठेवला तेव्हा देवी गार लागली. हात काढला तेव्हा त्याला स्वतःचं काहीतरी गार झाल्यासारखं वाटलं. त्याच्या आयुष्यात मागच्या खोलीखेरीज त्याचं असं काहीही नव्हतं. दफ्तरखान्यात तर त्याचं अक्षरसुद्धा त्याचं नव्हतं. मूळ कागदासारखं काढावं लागे.

आकृती २. तारेचं वेटोळं. (अ) तांबं. (आ) सूत. (इ) बादली.

फिरकीला वेटोळी लागतात, आणि वेटोळ्याच्या तारेला अंगभर सूत गुंडाळावं लागतं, म्हणजे वीज वाट सोडून शेजारच्या वेढ्यात शिरत नाही. तांबटाकडची तार उघडी होती. चिंतामणी कचेरीतून आला की ओसरीत बसून तारेला सूत गुंडाळी आणि सुमंगला दुसरं टोक धरून बसे. सहा वर्षांत नवराबायको एवढा वेळ समोरासमोर कधी बसली नव्हती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुमच्या डाव्या कानावर तीळ आहे." मग दोघं गुंडाळत राहिली.

दहाव्या दिवशी दोन सुबक वेटोळी तयार झाली. अकराव्या दिवशी चिंतामणी कचेरीतून आला, तर ती अंगणातल्या वलणीवर, माईंच्या लुगड्याशेजारी, टपटप गळत होती.

"सुती आहेत," माई म्हणाल्या. "धुतल्याशिवाय गौरीजवळ कशी न्यायची? चांगली खळबळून काढली. काठीने वाळत घातली, कोणी शिवलेलं नाही."

काठीने उचलताना निम्मे वेढे उसवले होते. उरलेल्या निम्म्यांना माईंनी पीळ दिला होता.

"माई, विजेला ओलं चालत नाही."

"आकाशातली बरी पावसात येते."

यावर मासिकात आकृती नव्हती. चिंतामणी वलणीखाली उभा राहिला आणि त्याच्या पागोट्यावर सोवळ्याचं पाणी पडत राहिलं. अक्षय्य तृतीयेला अठरा दिवस उरले होते.

संध्याकाळी माईंनी आतली पेटी उघडली. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांचा पूजेचा मुकटा, रेशमी, गर्द अंजिरी रंगाचा, तळाशी घडी करून ठेवलेला होता. माईंनी तो अर्धा फाडला. तो आवाज घरात बराच वेळ राहिला.

"रेशीम धुवावं लागत नाही," त्या म्हणाल्या. "ते मुळातच सोवळं. याचे दोरे काढ आणि गुंडाळ. त्यांची पूजा कधी दोन तासांत आटोपली नाही. तुझं हे तरी लवकर आटोप."

चिंतामणीला रेशमाने वीज जास्त चांगली अडते हे माहीत होतं. मासिकात तसं छापलंही होतं: उत्तम ते रेशीम, न परवडल्यास सूत. एका इंग्रजी मासिकाचं आणि माईंचं एकमत झाल्याची घटना देवासमध्ये ही पहिलीच असावी.

आकृती ३. (कल्हईवाल्याने पुसली.)

बरं चाललं होतं. दोरे निघत होते. शेजारचे मोरोपंत, जे दफ्तरखान्यात चिंतामणीचे वरिष्ठ आणि घरी त्याचे सल्लागार होते, रोज कुंपणावरून सल्ला देत होते. पहिल्या दिवशी त्यांनी तार डावीकडून गुंडाळावी असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी, इंदूरच्या एका साहेबाचं बोट अशाच यंत्राने अर्ध्या इंचाने आखूड झाल्याचं सांगितलं. कोणतं बोट, असं विचारल्यावर त्यांनी स्वतःची पाचही बोटं तपासून पाहिली आणि विषय बदलला.

अशात कल्हईवाला आला. माईंनी पातेली बाहेर काढली. कल्हईवाल्याने नवसागराची चिमूट तापल्या पातेल्यात टाकली, पांढरा धूर झाला, आणि माई कौतुकाने म्हणाल्या, "हेच ते. आमच्या चिंतूच्या बरण्यांत हेच आहे. कुठून आणता हो हे?"

कल्हईवाला भला माणूस होता. विचारलं ते त्याने सांगितलं. "भट्टे से निकलता है, माई. ऊँट की लीद जलाओ, लेंडी जलाओ, उसकी राख पे जो जमता है ना, वोई."

माईंनी पातेली तिथेच सोडली. संध्याकाळी चिंतामणी आला तेव्हा आठही बरण्या दारात, रस्त्याच्या कडेला, रांगेत उभ्या होत्या. घरभर गोमूत्र शिंपडलेलं होतं आणि सुमंगला तिसऱ्यांदा ओसरी पुसत होती.

"उंटाची लीद," माई म्हणाल्या. "गौरीच्या घरात."

"पण बरण्यांशिवाय वीज नाही, माई. आणि विजेशिवाय..."

"वीज येऊ दे. बरण्या येणार नाहीत."

समोरून, रस्त्यापलीकडच्या घरातून, कृष्णराव हे सगळं पाहत होते. कृष्णराव धाकट्या पातीच्या शिलेखान्यात बंदुका दुरुस्त करायचे. आता घरी बसून लोकांची कुलपं दुरुस्त करीत. हात सोन्यासारखा, बोलणं निम्मं मराठी निम्मं माळव्याचं, आणि दुसऱ्याच्या कामात उतरायला पाय सदा तयार. फिरकीचं लोखंड त्यांनीच एका जुन्या नळीतून कापून दिलं होतं.

"पंत, बेफिकर रहा," ते चिंतामणीला म्हणाले. "बरण्या माझ्या घरी. मला ना उंटाचं वावडं ना लीदीचं. तिथून तार टाकू. रस्ता तर ओलांडायचाय, भिया, नर्मदा थोडीच."

नर्मदा परवडली असती.

आकृती ४. रस्ता. (अ) थोरली पाती. (आ) धाकटी पाती. (इ) मधोमध एक रेघ, जी नाही.

वाचकांपैकी जे देवासचे आहेत त्यांनी ही आकृती सोडून पुढे जावं. बाकीच्यांसाठी: चिंतामणीच्या ओसरीपुढून जाणारा रस्ता हीच दोन राज्यांची हद्द होती. अलीकडचा दिवा थोरल्या पातीचा, पलीकडचा धाकटीचा. म्हैस भटकत पलीकडे गेली तर दोन कचेऱ्या. सुमंगला समोर कृष्णरावांच्या घरी विरजण मागायला जाई तेव्हा ती परराज्यातून विरजण आणी, पण विरजणाबद्दल कोणी विचारत नसे, कारण ते तिच्या पदराखाली असे. तार पदराखाली मावणार नव्हती.

कृष्णरावांनी बांबू रोवला आणि तार ताणायला घेतली तेवढ्यात धाकट्या पातीच्या नाक्याचे कारकून उमाशंकर आले. उमाशंकर सरळ मनाचे गृहस्थ. कुठलीही वस्तू आपल्या हद्दीतून बाहेर जाताना दिसली की ते तिच्या आड उभे राहत, मग ती वस्तू काही का असेना.

"यो कई है, पंडितजी?"

"तार आहे."

"तार म्हंजे तार. तार में कई जाएगा?"

"वीज."

"माल है?"

चिंतामणीने विचार केला. वीज हा माल आहे की नाही, हा प्रश्न त्याला फार सुंदर वाटला. याच त्याच्या स्वभावाने त्याचं आजवर नुकसान झालं होतं. "एका अर्थी आहे," तो म्हणाला.

"तो फिर परवाना लगेगा."

पुढचे बारा दिवस कागदांत गेले. कागद सगळे देण्याची गरज नाही, नमुना पुरे.

अर्जदार: कृष्णरावांच्या घरापासून अर्जदाराच्या ओसरीपर्यंत दोन तारा नेण्याची इजाजत व्हावी. कारण: देवकार्य.

शेरा (थोरली पाती, मोरोपंत): तारा दोन का? एक पुरणार नाही काय?

अर्जदार: एका तारेने वीज येते, दुसरीने परत जाते.

शेरा (धाकटी पाती, उमाशंकर): अर्जदाराकडे जी येणारी ती आमची जाणारी. जाणारीस थोरल्या पातीचा परवाना आधी दाखवावा.

शेरा (मोरोपंत): आधी त्यांचा.

शेरा (मोरोपंत, समासात): दसऱ्याला हत्ती या रस्त्याने जातो. तार अंबारीच्या कळसाहून हातभर उंच हवी. हत्तीची उंची हत्तीखान्यातून मागवावी.

हत्तीची उंची आली. ती दोन वर्षांपूर्वीची होती, आणि हत्ती वाढता होता.

शेवटी चिंतामणीने लिहून दिलं: "जितकी वीज येते तितकीच परत जाते. थोरल्या पातीत काहीही उरत नाही. सबब आयात नाही व निर्यातही नाही." खाली सही केली. हे शास्त्राला धरून होतं आणि वर त्याला त्याचा अभिमानही वाटला.

मोरोपंतांनी चष्मा काढला. "काही उरत नाही म्हणता, चिंतामणराव. मग झोपाळा कशाने हलणार?"

"जाता जाता हलवून जाते."

"येते, काम करते आणि आली तेवढीच परत जाते." मोरोपंतांनी कचेरीतल्या माणसांवरून नजर फिरवली. "आपल्याकडे असा एकही नाही."

त्यांनी आपल्यापुरती मंजुरी दिली. उमाशंकरांनी मंजुरी दिली नाही आणि नाहीही म्हटलं नाही, कारण काम देवीचं होतं. त्यांनी मधला मार्ग काढला. अगदी मधला. ते शिडी घेऊन आले, सुतळीने रस्ता मापला आणि बरोबर मध्यावर दोन्ही तारांना मिळून लाखेचा लाडवाएवढा गोळा थापला. त्यावर नाक्याचा शिक्का उठवला.

"तार रहने दो. पर अब निकाल होने तक इसमें से कुछ नहीं जाएगा," शिडीवरून उतरत ते म्हणाले. "सरकारी सील है."

लाखेने विजेची वाट अडत नाही, तांबं आतून तसंच अखंड असतं, उलट वाऱ्याने दोन तारा एकमेकींना लागायची भीती होती तीही मिटली, हे सांगायला चिंतामणीने तोंड उघडलं. मग मिटलं. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट कोणाला न सांगण्याचा त्याच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग, आणि त्याला तो फारसा कठीण गेला नाही.

आकृती ५. सावित्रीबाई.

(या आकृतीला अक्षरं लावण्याचं धाडस केलेलं नाही.)

त्या आदल्या दिवशी धारहून दमणीतून आल्या. बैल दमले होते, गाडीवान दमला होता, त्या नव्हत्या. वय सत्तावन्न, कपाळाला कुंकवाची आडवी चिरी, नऊ नातवंडं, आणि धाकट्या सुनेचे दिवस भरत आले असतानाही केवळ माहेरच्या गौरीसाठी आलेल्या. पाय धुता धुता त्यांनी वर तारांकडे पाहिलं.

"कपडे फार उंच वाळत घालता गं."

"ती वीज आहे, वन्सं," माई म्हणाल्या.

"हो, ऐकलंय. धारपर्यंत आलीय ती. लोक विचारतात, तुमचा चिंत्या काय करतो? मी सांगते, कचेरीत नकला करतो आणि घरी मडकी मांडतो." त्यांनी चिंतामणीच्या पाठीवरून हात फिरवला, त्यात माया होती, पण धारेच्या बाजूने. "आमच्या गौरीचा झोपाळा दोरीने हलतो. दोरी मी ओढते. चाळीस वर्षं झाली, मी एकदाही बिघडले नाही."

चिंतामणीने त्यांच्या देखत चाचणी घेतली. ओसरीच्या पायरीवरून उपरणं हलवलं. समोर कृष्णरावांनी तारा जोडल्या. अंजिरी रेशमात गुंडाळलेली वेटोळी किंचित गुणगुणली, फिरकी वळली, तिच्या दांड्याला बांधलेला झोपाळ्याचा गोंडा ताणला गेला आणि झोपाळा हलला. म्हणजे एखाद्या विचारी माणसाने मान हलवावी तसा. एकदा. मग खूप वेळाने दुसऱ्यांदा.

"वारा आहे," सावित्रीबाई म्हणाल्या.

"आत्या, वारा नाही."

"मग मी बसल्या जागेवरून उठले त्याने हलला असेल." त्या पुन्हा खाली बसल्या. "उद्या बघू. पण मी डोळ्यांना दिसेल तेच सांगणार हो, चिंत्या. आपला म्हणून खोटं बोलणार नाही."

चिंतामणीला त्या रात्री जेवण गेलं नाही. समोर कृष्णरावांनाही गेलं नाही. धाकट्या पातीची वीज थोरल्या पातीत जाऊन एवढीशी हलली, आणि तीही धारच्या पाहुणीसमोर, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. सकाळी ते कुंभाराकडे गेले, तांबटाकडे गेले, आपल्या बायकोच्या सगळ्या बरण्या काढल्या, शेजारणीच्या मागून आणल्या, आणि आठाच्या सोळा केल्या. हे त्यांनी चिंतामणीला सांगितलं नाही. चार लोकांत पंतांना आनंदाचा धक्का द्यावा, असा त्यांचा विचार होता.

आकृती ६. ओटी. (अ) हरभरे. (आ) पदर. (इ) जे अपेक्षित नव्हतं ते.

अक्षय्य तृतीयेची दुपार. ओसरीत, थेट दारासमोर, गौरीची आरास: मोगऱ्याच्या माळा, कलिंगडाची कापून केलेली कमळं, करंज्यांचा डोंगर, आणि मधोमध झोपाळ्यात अन्नपूर्णा. तीस-पस्तीस बायका. पन्हं फिरत होतं, कैरीच्या डाळीचे द्रोण फिरत होते, हातांवर अत्तर लागत होतं. पुरुषाला आत जागा नाही म्हणून चिंतामणी पायरीवर उभा, उपरणं हातात. रस्त्याच्या बरोबर मध्यावर उमाशंकर उभे, नजर वर लाखेच्या गोळ्यावर. त्याच्या अलीकडे त्यांचा अंमल चालत नसे, म्हणून ते एक पाऊलही पुढे येत नव्हते.

सुमंगलेने पहिली ओटी आत्याबाईंची भरायला घेतली. सावित्रीबाईंनी गौरीपुढे बसून दोन्ही हातांनी पदर पसरला. सुमंगलेने हरभऱ्यांची ओंजळ उचलली आणि दाराकडे पाहून मान हलवली.

चिंतामणीने उपरणं हलवलं.

पहिला झोका छान गेला. बायका "अगंबाई" म्हणाल्या. दुसरा त्याहून छान गेला. तिसऱ्याला मोगऱ्याची माळ सुटली. चौथ्याला चिंतामणीच्या लक्षात आलं की गुणगुण नेहमीची नाही. ती आता सुतारमाशीच्या वर आणि गिरणीच्या खाली कुठेतरी आहे. यंत्र थांबवावं कसं, हे मासिकात शेवटच्या पानावर होतं. त्याने वळून उपरणं हलवलं. समोर कृष्णरावांनी आनंदाने पागोटं हलवलं.

पाचव्या झोक्याला अन्नपूर्णा झोपाळ्यातून उठली, बायकांच्या डोक्यांवरून एक सुरेख कमान काढली, आणि थेट सावित्रीबाईंच्या पसरलेल्या पदरात, हरभऱ्यांच्याही आधी, येऊन बसली.

कृष्णरावांना तेवढं दिसलं. त्यांनी तारा सोडल्या.

सुमंगलेच्या ओंजळीतून एक हरभरा पडला तो सगळ्यांनी ऐकला.

"देवीनं आपल्या हाताने ओटी भरली," मागून कोणीतरी हळूच म्हणालं.

"सत्तावन्नाव्या वर्षी," दुसरीने भर घातली.

"सून-सासू एकदमच बाळंतिणीच्या खोलीत," तिसरी म्हणाली, आणि मग पस्तीस बायकांच्या पदरांतून जे हसू आतापर्यंत दाबलं होतं ते सगळं एकदम बाहेर आलं. मोरोपंतांच्या बायकोने आराशीतली एक कैरी उचलून अदबीने सावित्रीबाईंपुढे धरली. "घ्या, आत्याबाई. आंबट खावंसं वाटत असेल."

सावित्रीबाईंचा चेहरा आडव्या चिरीपर्यंत लाल झाला. धारला ही गोष्ट आपल्याआधी पोचणार, हे त्यांना दिसत होतं. दोन घरांच्या बायका तिथे बसल्याच होत्या, ज्यांच्या लेकी धारला दिल्या होत्या.

"विजेने झालं ते," त्या म्हणाल्या.

त्यावर बाहेरून, रस्त्याच्या मध्यावरून, उमाशंकरांचा गंभीर आवाज आला. "ना, बाईसाहेब. सील साबूत है. बिजली आई ही नहीं. जो हुआ, माताजी की मर्जी से हुआ." आणि त्यांनी हात जोडले.

बायकांनीही जोडले. हसू ओसरून आता भक्ती सुरू होणार होती, आणि ती जास्त धोक्याची होती. कोणीतरी कुंकवाचा करंडा घेऊन सावित्रीबाईंच्या पायाशी येऊ लागलं.

"चिंत्या," सावित्रीबाई म्हणाल्या, "वीज आली की नाही?"

आली म्हणावं तर सील असताना माल पार केल्याचा कबुलीजबाब, तोही भर रस्त्यात. नाही म्हणावं तर कासाराची भट्टी. शिवाय त्याच्या स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं होतं की काही उरत नाही.

"आली आणि गेली, आत्या," तो अखेर म्हणाला. "दाखल्याला काही राहत नाही."

"मग पुन्हा आण."

"पण ते शेवटचं पान..."

"आण म्हणते ना. देवीला देवघरात ठेव गं, सुमंगला." मोरोपंतांच्या बायकोच्या हातातली कैरी त्यांनी हिसकून घेतली, झोपाळ्यात बसवली, आणि स्वतः पदर घट्ट खोचून भिंतीला टेकून बसल्या. "आता कोणाच्या मर्जीने हलतो ते बघू."

उपरणं हललं. सोळा बरण्या जोडल्या गेल्या. पहिला, दुसरा, तिसरा झोका. रेशमाचा जळका वास. आणि कैरी दारातून निघाली. ती चिंतामणीच्या कानाजवळून गेली, थोरली पाती ओलांडली, आणि हद्दीच्या रेघेवर हात जोडून उभ्या असलेल्या उमाशंकरांच्या पागोट्यात जाऊन रुतली. वरचं सील जसंच्या तसं होतं.

"हलला," सावित्रीबाई म्हणाल्या. त्यांनी एकेक करून सगळ्या बायकांकडे पाहिलं, धारला लेकी दिलेल्या दोघींकडे जास्त वेळ. "विजेने हलला. नुसत्या विजेने. मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि मी खोटं बोलत नाही."

चिंतामणी पायरीवरच बसला. आतून धूर येत होता. माई वाकून वेटोळ्यांकडे पाहत होत्या. अंजिरी रेशीम काळं पडलं होतं. आता काय म्हणतील, म्हणून त्याने मान खाली घातली.

"अर्धा अजून पेटीत आहे," माई म्हणाल्या आणि पन्ह्याचं पातेलं बघायला आत गेल्या.

शेवटचं पान. (हे मासिकातलं नव्हे.)

धाकटी पाती, नाका: सील अखंड असता थोरल्या पातीतून एक कैरी या हद्दीत आली. अर्जदाराने लिहून दिले आहे की जितके येते तितके परत जाते. कैरी परत गेलेली नाही. खुलासा व्हावा.

थोरली पाती, दफ्तरखाना (मोरोपंत): कैरी आमची असल्यास परत करावी, म्हणजे अर्जदाराचे म्हणणे खरे होईल.

नाका: कैरी उमाशंकर यांच्या घरी गेली. तिचे लोणचे घातले गेले.

दफ्तरखाना: कोणत्या बरणीत?

नाका: बरणी कृष्णरावांनी दिली. आतून निळसर आहे.

दफ्तरखाना (निकडीचे, जासुदाबरोबर): खाऊ नये. बरणी दोन्ही पातींचे सील करून रस्त्याच्या मध्यावर ठेवावी. दसऱ्यापूर्वी उचलावी, हत्ती येतो.